ड्युअल रेक्टिफायर की ६५०५? ऐकून ठरवा, पण आवाज सारखा ठेवून

फोंड्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये गिटारचे ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे) दुरुस्त होतात, भाड्याने मिळतात आणि विकत घेण्याआधी वाजवूनही पाहता येतात. हाय-गेन, म्हणजे गिटारचा आवाज भरपूर फाडणाऱ्या, ॲम्पची चौकशी करायला येणारे बहुतेक जण एकच विचारतात: मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर घ्यावा की पीव्हीचा ६५०५? आणि पाठोपाठ, यातला मोठा वाजतो कोणता? काउंटरवर उभ्या उभ्या याचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. दोन्ही जवळजवळ सारखेच मोठे वाजतात, आणि दोन्ही तुमच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठे वाजतात.

वॅटचा हिशेब

ड्युअल रेक्टिफायर १०० वॅटचा, ६५०५ हा १२० वॅटचा. कागदावर वीस टक्क्यांचा फरक, पण कानाला तो एक डेसिबलही लागत नाही. हिशेब केला तर ०.८ डेसिबल. दुप्पट वॅट केले तर ३ डेसिबल वाढतात आणि आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे १०० ऐवजी ५० वॅटचा ॲम्प घेतला तर शेजाऱ्यांची झोप वाचेल, ही समजूत सोडा. चारपैकी दोन पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या) काढून 'अर्धा आवाज' करणारेही भेटतात. पडतात ते ३ डेसिबल. शिवाय ट्यूब जोडीने काढाव्या लागतात, म्हणजे बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन, आणि आउटपुटचा ओहमही बदलतो: ८ ओहमचे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) मग ४ ओहमच्या जॅकला लावायचे. हे माहीत नसेल तर ट्यूबना हात लावू नका. आत ४५० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो.

स्पीकरने मात्र खरा फरक पडतो. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० ची संवेदनक्षमता १०० डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल. त्याच कंपनीच्या जी१२टी-७५ ची ९७. हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) तेच, नॉब तिथेच, फक्त स्पीकर बदलला तर जो फरक होतो तो वॅट दुप्पट करण्याइतका. 'मोठा' ॲम्प शोधत असाल तर आधी कॅबिनेटची जाळी काढून आत काय आहे ते पाहा.

आता हे गोव्यात मांडून पाहू. व्हिंटेज ३० वर १०० वॅट म्हणजे एक मीटरवर सुमारे १२० डेसिबल. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, म्हणून शंभर मीटरवर अजूनही ८० उरतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. हणजूण-वागातोरच्या बाजूला वाजवणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. एकच वॅट वापरला तरी शंभर मीटरवर ६० डेसिबल पोचतात, हे मात्र बऱ्याच जणांना नवीन असते. शॅकमध्ये वाजवायला ॲम्प पूर्ण उघडण्याची वेळ कधी येणारच नाही. तो माइकने पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टीममध्ये) द्यायचा आणि स्टेजवर स्वतःला ऐकू येईल इतकाच ठेवायचा.

नॉबच्या आकड्यावरही जाऊ नका. ६५०५ चा 'पोस्ट गेन' तीनवर गेला तरी खोली भरून जाते आणि रेक्टिफायरच्या लाल चॅनेलचा मास्टर सुरुवातीलाच एकदम उसळतो. त्याचा वॅटशी संबंध नाही, नॉबमागचा पोटेन्शिओमीटर (बदलता रेझिस्टर) कसा चढतो त्याच्याशी आहे. अर्ध्या फेरीतच बहुतेक आवाज बाहेर आलेला असतो. पुढे फिरवाल ती नुसती पॉवर ट्यूबची फाटण वाढते.

दोघे एकाच घरातले

दोन्ही ॲम्प १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. पीव्हीचा ५१५० हा १९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनच्या सहभागाने आला. पुढे दोघांचा करार संपल्यावर तोच ॲम्प ६५०५ या नावाने विकला जाऊ लागला. १९६५ ते २००५ ही पीव्हीची चाळीस वर्षे त्या नावात आहेत. म्हणून जुना ५१५० मिळत असेल तर 'वेगळा ॲम्प आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर विचार करून द्या. रेक्टिफायर हे कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगीचे काम.

दोघांची सर्किटे शेजारी ठेवून पाहिली तर १९८७ च्या सोल्डानो एसएलओ-१०० चा ठसा दोन्हींत दिसतो. प्रीॲम्पच्या (पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागाच्या) साखळीत एक १२एएक्स७ ट्यूब मुद्दाम 'थंड', म्हणजे कमी करंटवर, ठेवलेली असते, तिच्या कॅथोडला ३९ किलोओहमचा मोठा रेझिस्टर लावून. ती सिग्नलची एक बाजू दुसरीपेक्षा आधी कापते आणि आपण ज्याला हाय-गेनचा 'दात' म्हणतो तो बराचसा इथे तयार होतो. पॉवरला दोन्हींत चार ६एल६. मग आवाज इतका वेगळा का?

फरक कुठे आहे

उत्तर मुख्यतः पॉवर ॲम्पमध्ये आहे. बहुतेक ॲम्पमध्ये आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे पाठवलेला असतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात आणि तो ॲम्पला लगाम घालतो. स्पीकरचा पडदा जिथे आपणहून थरथरतो तिथे त्याला आवरतो, वरची टोके सपाट करतो. ६५०५ मध्ये हा लगाम नेहमी असतो आणि तो कुठे सैल करायचा हे तुमच्या हातात दोन नॉबनी दिलेले असते: प्रेझेन्स वरच्या सुरांसाठी, रेझोनन्स खालच्यांसाठी. रेक्टिफायरच्या 'मॉडर्न' मोडमध्ये फीडबॅक काढूनच टाकलेला आहे. खालचा पट्टा फुगतो, सैल होतो, वर चरचर वाढते, आणि मोड बदलताच ॲम्प मोठाही होतो. ज्याला लोक 'रेक्टोची भिंत' म्हणतात ती ही.

हे नीट समजले की बाकीचे आपोआप लागते. पाम-म्यूट केलेली (तळहाताने दाबून वाजवलेली) खालची ई तार ६५०५ वर ठोका देऊन लगेच थांबते, वरच्या मिडमध्ये एक करवतीसारखी धार असते आणि नोट दाबलेली, समतल वाटते. रेक्टिफायरवर तीच तार पसरते, शेपूट मागे राहते. सावकाश, मोठ्या कॉर्डना ते सुंदर लागते. वेगवान रिफला चिखल होतो. म्हणून रेक्टिफायरवाले पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचे पेडल लावतात, त्याचा ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण. पेडल खालचे सूर कापते आणि ॲम्पला घट्ट करते. ६५०५ वालेही लावतात, पण तिथे ती सवय जास्त आणि गरज कमी, असे आमचे मत. रेक्टिफायरचा बेस नॉब निम्म्याच्या बराच खाली ठेवून पाहा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आता नावातला रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग. मागच्या स्विचने डीसी पुरवठा सिलिकॉन डायोडमधून घ्यायचा की दोन ५यू४ ट्यूबमधून, हे निवडता येते. ट्यूबमधून घेतला की जोरात वाजवताच व्होल्टेज जरा बसते आणि लांब तान घेतलेल्या गवयाने दम घ्यावा तशी नोट खाली जाऊन वर येते. पण हे होण्यासाठी पॉवर ट्यूबनी भरपूर करंट ओढावा लागतो. घरच्या आवाजावर तो ओढला जात नाही. त्या स्विचसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, एवढ्या जोरात वाजवणार कुठे?

स्वच्छ आवाजाच्या बाबतीत मात्र आम्ही सरळ बाजू घेतो. तीन चॅनेलच्या रेक्टिफायरचा क्लीन चॅनेल कामाचा आहे. ६५०५ चा ऱ्हिदम चॅनेल तापटच असतो, आणि दोन्ही चॅनेलना एकच बेस-मिड-ट्रेबल असल्यामुळे लीडसाठी जमवलेला टोन क्लीनला अडतो. चवथीच्या दिवसांत किंवा जत्रेला ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला एका गाण्यात मऊ आर्पेजिओ आणि पुढच्यात डिस्टॉर्शन लागते. त्याने रेक्टिफायर घ्यावा. फक्त मेटल वाजवणाऱ्या, दोन गिटार असलेल्या बँडने ६५०५ घ्यावा, कारण बेस गिटार आणि किक ड्रम सुरू झाले की रेक्टिफायरचा तो रुंद तळ त्यांच्यात बुडतो आणि ६५०५ चा मिड वर तरंगतो. एकट्याने खोलीत ऐकताना नेमके उलटे वाटते. एका गिटारवाल्याकडे रेक्टिफायर आणि दुसऱ्याकडे ६५०५ असेल तर सगळ्यात बरे, पण ते दोघांच्या खिशाचे काम.

तुलना कशी करायची

जो ॲम्प थोडासा मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. आवाज वाढला की कानाला खालचे आणि वरचे सूर प्रमाणात जास्त ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. दोन-तीन डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून कळत नाही, 'भरलेला', 'जिवंत' म्हणून कळतो. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही हेड एकाच कॅबिनेटवर वाजतात आणि आवाज मीटरने जुळवल्याशिवाय आम्ही मत विचारत नाही. घरी करायचे असेल तर मोबाइलवरचे मीटरही चालेल. आकडा खरा नसला तरी चालतो, दोन्हींना सारखा आला म्हणजे झाले. मीटर सी-वेटिंगवर ठेवा, ए-वेटिंग खालचे सूर गाळते.

तुमचा रिफ लूपरमध्ये (वाजवलेले पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये) भरून तो ॲम्पच्या इनपुटला द्या. हात दर वेळी थोडा वेगळा पडतो आणि दोष ॲम्पला जातो. उभे एकाच जागी राहा, कारण बारा इंची स्पीकरची धार सरळ रेषेत जाते. समोर कानाला टोचणारा टोन दोन पावले बाजूला सरकल्यावर मवाळ होतो. कॅबिनेट जमिनीवर आणि तुमचे कान वर असतील तर प्रेक्षकांना काय टोचते आहे ते तुम्हाला कळणारही नाही. हेड बदलण्याचे काम मित्राला द्या आणि पाठ करून ऐका. बदलताना दोन्ही हेड बंद हवेत. स्पीकर न लावता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये स्पीकर केबलच लावा, गिटारची केबल नव्हे.

१०० डेसिबलला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ कान उघडे ठेवू नयेत. आमच्याकडे इअरप्लग असतात, मागून घ्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन्ही कंपन्यांनी लहान भावंडे काढली आहेत: पीव्हीचा ६५०५ एमएच २० वॅटचा, तो ५ आणि १ वॅटवरही चालतो, मेसाचा मिनी रेक्टिफायर २५, तो १० वर येतो. दोघांतही ६एल६ ऐवजी ईएल८४ ट्यूब आहेत, त्यामुळे मोठ्यांचा तळ त्यांच्यात सापडणार नाही. प्रीॲम्पचा स्वभाव मात्र ओळखीचा.

वीज, पाऊस आणि ट्यूब

बोटीवरच्या भावाने अमेरिकेतून आणलेले हेड आमच्याकडे बरेच येतात. ते १२० व्होल्टचे आहे का, हे मागच्या पट्टीवर वाचल्याशिवाय प्लग लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किमान ५०० व्हीएचा घ्या. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०, त्यामुळे नुसत्या ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. हम येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. हम बहुतेकदा सिंगल-कॉइल पिकअपचा किंवा मांडवातल्या लाइटच्या डिमरचा असतो.

पावसाळ्यात ॲम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे हा सगळ्यात वाईट उपाय. आत ओल कोंडते, स्पीकरच्या कोनला बुरशी धरते. कापडी कव्हर घाला, भिंतीपासून दूर ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा, म्हणजे आतली ओल उडते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या ॲम्पमध्ये खारट हवेने ट्यूबचे सॉकेट आणि इफेक्ट लूपचे जॅक आधी गंजतात. आवाज मध्येच जात असेल तर ट्यूब बदलण्याआधी जॅक साफ करून घ्या. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग भिंतीतून काढलेलाच बरा.

हाय-गेन ॲम्पमध्ये पहिली १२एएक्स७ ट्यूब सगळ्यात जास्त छळते. पेन्सिलीने हळूच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटा वाजली तर ती मायक्रोफोनिक झाली आहे. एवढी एक बदलून पाहा, पूर्ण संच लगेच घ्यायची गरज नसते. पॉवर ट्यूब मात्र जुळवलेल्याच घ्या. या दोन्ही ॲम्पमध्ये बायस (ट्यूबमधून स्वस्थ असताना किती करंट वाहावा, ते) फिरवायचा पोटेन्शिओमीटर दिलेला नाही. ६५०५ चा बायस कारखान्यातूनच थंड ठेवलेला असतो, ट्यूब टिकते पण आवाज जरा कोरडा राहतो. त्यात पोटेन्शिओमीटर बसवून देण्याचे काम आम्ही करतो. मेसाच्या बाबतीत कंपनी स्वतःच्या मोजलेल्या ट्यूबच वापरायला सांगते, आणि ग्राहकाने आग्रह धरल्याशिवाय आम्ही त्यात हात घालत नाही.

ऐकायला येताना स्वतःची गिटार आणि नेहमीचे पेडल आणा. दुकानातल्या गिटारवर ठरवलेला टोन घरी जाऊन बदलतो. ड्रॉप ट्युनिंगमध्ये वाजवत असाल तर तारा त्याच ट्युनिंगला लावून आणा. सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी शेजारच्या देवळात भजन सुरू झाले की आम्ही दोन्ही ॲम्प बंद करतो.