डोंगर मागे, घोळ पुढे : गेममधला देखावा आणि ‘सिनेमॅटिक’ हा शब्द

गेम चालू ठेवून, काहीही न खेळता, नुसते कड्यावर उभे राहून सूर्यास्त पाहणारी मंडळी आता इतकी वाढली आहेत की बऱ्याच मोठ्या गेममध्ये त्यांच्यासाठी वेगळा फोटो मोड, म्हणजे खेळ थांबवून छायाचित्र काढण्याची सोय, दिलेला असतो. या मंडळींच्या बोलण्यात एक शब्द हटकून येतो : सिनेमॅटिक. देखावा डोळ्यांत भरला की सिनेमॅटिक. हाताला काही कामच न देणारा गेम असला तरी सिनेमॅटिकच, फक्त म्हणण्याचा सूर वेगळा. कौतुकाला आणि टोमण्याला एकच शब्द कसा पुरू लागला, याचा माग काढायचा तर गेममधल्या पार्श्वभूमीपासून, अगदी शब्दशः, सुरुवात करावी लागते.

आरंभीच्या वर्षांवर फार रेंगाळायला नको. १९८२ च्या ‘मून पॅट्रोल’मध्ये चांद्रगाडीच्या मागे डोंगरांचे थर वेगवेगळ्या गतीने सरकत, जवळचे भरभर आणि दूरचे सावकाश, आणि सपाट पडद्याला खोली आल्याचा भास होई. युक्ती ॲनिमेशनपटांची. काचांवर रंगवलेले थर अंतराअंतराने रचून ते वरून कॅमेऱ्याने टिपायचे तंत्र १९३७ सालीच मोठ्या पडद्यावर दिसले होते. म्हणजे गेमने सिनेमाकडून जी पहिली मोठी उसनवारी केली ती डोंगरांची. त्याच १९८२ मध्ये उलट दिशेनेही काही घडत होते. ‘ट्रॉन’ हा चित्रपट संगणकाच्या आतल्या जगात घडतो आणि त्यातली काही मिनिटे संगणकावरच तयार झाली होती. संगणक वापरणे ही लबाडी समजून दृश्यपरिणामांच्या ऑस्करसाठी आमचा विचारच झाला नाही, असे त्याचा दिग्दर्शक पुढे सांगत असे. (गोष्ट म्हणून चित्रपट विस्कळीतच आहे. त्या प्रकाशरेषा सोडत जाणाऱ्या मोटारसायकली मात्र आजही पाहाव्याशा वाटतात.)

खरी मजा सुरू होते ती सीडी आल्यावर. १९९३ चा ‘मिस्ट’ म्हणजे सुमारे २,५०० स्थिरचित्रांची चळत. खेळणारा त्यात चालत नाही. क्लिक केले की पुढचे चित्र येते. प्रत्येक चित्र संगणकाने आधीच, तासन् तास खपून, काढून ठेवलेले. त्यामुळे त्या वर्षीच्या कुठल्याही हलत्या गेमपेक्षा या बेटावरची झाडे, दगडी पायऱ्या आणि बंद दारे जास्त ठोस वाटायची. माणसे जवळजवळ नाहीत, मागे लागणारे कुणी नाही, मरण्याची भीती नाही. कोडी इतकी अवघड की कितीतरी जणांनी ती अर्ध्यात सोडली असतील, आणि तरी बेट पाहून आल्याच्या समाधानात राहिले असतील. देखाव्यासाठी गेम घ्यायचा, ही सवय तिथे लागली.

मग पुढे हलते पात्र आणि मागे तयार चित्र अशी जोडी जमली. ‘रेसिडेंट इव्हिल’ (१९९६) आणि ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) ही तिची गाजलेली उदाहरणे. कारण साधे होते. त्रिमितीतली आकृती लहान लहान त्रिकोण जोडून बनते, आणि यंत्राला एका क्षणात मोजकेच त्रिकोण काढता येत. ते सगळे माणसांवर आणि राक्षसांवर खर्च करायचे आणि खोली, जिना, गल्ली हे सारे नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखे मागे लावून द्यायचे. पण चित्र आधीच काढलेले, तेव्हा ते कुठल्या कोनातून दिसणार हेही आधीच ठरलेले. छताच्या कोपऱ्यातून खाली पाहणारा कॅमेरा, अर्धवट उघडे दार, दाराआडून येणारा पावलांचा आवाज, आणि खेळणाऱ्याला तिकडे वळून पाहण्याची सोय नाही. ‘अगदी सिनेमासारखे’ हे शब्द तेव्हा मनापासून निघत, आणि ते बरोबरच होते. कुणीतरी चौकट निवडली होती.

त्या चित्रांचे पुढे जे झाले ते मात्र चुटपूट लावणारे आहे. त्या काळच्या टीव्हीच्या मापात जुळवलेली ही चित्रे नंतरच्या मोठ्या पडद्यांवर पुरेना. ‘फायनल फँटसी ९’ (२०००) नव्या रूपात २०१६ मध्ये आला तेव्हा पात्रे धारदार आणि त्यांच्या मागची शहरे धुरकट, असा विचित्र मेळ दिसला. ती चित्रे यंत्रबुद्धीच्या मदतीने मोठी आणि स्वच्छ करण्याचे काम शेवटी चाहत्यांनी अंगावर घेतले.

ज्यांना रंगवलेला पडदा नको होता, सगळे जग खरोखर त्रिमितीत हवे होते, त्यांची अडचण लांबच्या अंतराची. यंत्र फार दूरचे काढू शकत नसे, मग पन्नास पावलांपलीकडे धुके सोडायचे. ‘ट्युरॉक’मध्ये (१९९७) हे धुके उघड नाइलाजाचे आहे. ‘सायलेंट हिल’ने (१९९९) त्याच नाइलाजातून अख्खे गाव उभे केले. तिथे धुके काढून घेतले तर गेमच उरत नाही. यंत्र बलवान झाल्यावर नव्याने काढलेल्या आवृत्त्यांनाही ते धुके जपावेच लागले.

२००१ ते २००६ ही वर्षे माझ्या मते सर्वांत भरीव. ‘इको’मधला (२००१) पांढऱ्या उन्हात विरघळणारा किल्ला आणि ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’मधली (२००५) ओसाड माळराने, जिथे सोळा महाकाय प्राण्यांखेरीज लढायला कुणीच नाही, घोडा नुसता दौडत राहतो. २०१८ मध्ये याच गेमचे नवे रूप आले. गवताचे पाते न् पाते दिसू लागले, आणि तरी जुन्या, डोळे दिपवणाऱ्या करपट उन्हाची आठवण काढणारे आहेतच. मीही त्यांतलाच. ‘ओकामी’ने (२००६) शाईच्या फटकाऱ्यांत जग रंगवले. आणि ‘द विंड वेकर’वरून तर भांडणच पेटले. २००० साली तो ज्या ‘झेल्डा’ मालिकेतला, तिची वास्तववादी झलक दाखवली होती. पुढच्या वर्षी त्याच जागी व्यंगचित्रासारखा, टपोऱ्या डोळ्यांचा नायक आला आणि चाहत्यांनी त्याची टिंगल केली. गेम २००२ च्या अखेरीस आला. आज तो पाहिला तर त्याच्या लाटा आणि ढग ताजे वाटतात. त्याच सुमारास ‘अगदी खरे’ म्हणून गाजलेले बरेच गेम आता मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसतात. चित्रपटांतही हेच झाले. ‘फायनल फँटसी’ या नावाने २००१ मध्ये आलेल्या चित्रपटाने प्रत्येक केस खरा दाखवण्याची जिद्द धरली. तो आपटला, आणि त्यातले आता आठवतात ते फक्त केस.

आता त्या शब्दाकडे. ‘सिनेमॅटिक’चे निदान तीन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. पहिला, वर आलेला : कुणीतरी विचारपूर्वक चौकट निवडली आहे. दुसरा अर्थ मधल्या चित्रफितींचा, ज्यांना सगळे कटसीन म्हणतात. ‘मेटल गिअर सॉलिड’ने (१९९८) तो रूढ केला, त्याच मालिकेच्या २००८ च्या चौथ्या भागात शेवटचा पाहण्याचा भाग तासाभराहून लांब आहे. तिसरा अर्थ सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत भांडकुदळ : सिनेमाच्या यंत्रसामग्रीची नक्कल. वरखाली काळ्या पट्ट्या, भिंगातून फुटणारा प्रकाश, फिल्मचे दाणे, कडांना किंचित फाटलेले रंग आणि मंदावलेली गती.

हा तिसरा अर्थ चव्हाट्यावर आला तो २०१५ च्या फेब्रुवारीत, ‘द ऑर्डर : १८८६’ या गेमने. धुराड्यांचे लंडन, ओल्या फरशा, मेणबत्त्यांचा उजेड. त्या वर्षी त्याच्याइतके देखणे फारसे काही नव्हते. पण चित्र १९२० बाय ८०० पिक्सेल एवढेच होते. पडद्याच्या १०८० ओळींपैकी २८० काळ्या. म्हणजे पडद्याचा पाव हिस्सा, थोडा जास्तच, रिकामा. वर गती सेकंदाला ३० फ्रेमची. करणाऱ्यांचे म्हणणे, हा सौंदर्याचा निर्णय आहे, आम्हाला रुंद पडद्याच्या सिनेमाची चौकट हवी होती. विरोधकांचे म्हणणे, यंत्राचा भार वाचवला आणि त्याला कलेचे नाव दिले. यावर करणाऱ्यांनी असेही सांगितले की उरलेल्या ओळींच्या कडा गुळगुळीत करण्यावर आम्ही इतकी ताकद खर्च करतो की बचत अशी काही होतच नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. मला विरोधकांचा मुद्दा अधिक पटतो, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.

माझे कारण त्या पट्ट्यांच्या इतिहासात आहे. १९५० च्या दशकात टीव्हीने प्रेक्षक पळवले तेव्हा चित्रपटगृहांनी पडदा रुंद केला. रुंदी हा तिथे मिळणारा जास्तीचा देखावा होता. तोच चित्रपट घरच्या टीव्हीवर दाखवताना मावेना, म्हणून वरखाली काळे आले. काळी पट्टी हे सिनेमाचे सौंदर्य कधीच नव्हते. मोठी वस्तू लहान डब्यात बसवल्याची ती खूण होती. गेमला डबा आधीच माहीत असतो. तिथे पट्टी लावणे म्हणजे सदरा नवा शिवून त्याला मुद्दाम ठिगळ लावणे. फ्रेमचेही तसेच. सेकंदाला २४ फ्रेम हा आकडा १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपटांबरोबर पक्का झाला. फितीवरचा आवाज नीट यायला गती कायम हवी होती, आणि फिल्म महाग असल्याने ती शक्य तितकी कमी हवी होती. हिशेबातून आलेला आकडा सवयीने आपल्याला स्वप्नासारखा वाटू लागला. ही सवय किती घट्ट आहे ते २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ने ४८ फ्रेममध्ये दाखवून दिले : प्रेक्षकांना सगळे टीव्हीवरच्या मालिकेसारखे, नेपथ्य उघडे पडल्यासारखे दिसले. पाहणाऱ्याचे ते मत मला अगदी मान्य. पण गेममध्ये कमी गतीने नजरेला स्वप्न पडत नाही, बोटांना जडपणा येतो. सिनेमात आपण काही दाबत नसतो, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

गंमत म्हणजे पट्ट्या ‘द ऑर्डर’च्या आधीही होत्या. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ (२००५) वरखाली काळे घेऊनच आला आणि कुणाची फारशी तक्रार नव्हती. ‘द इव्हिल विदिन’लाही (२०१४) पट्ट्या होत्या, ओरड झाल्यावर त्या काढण्याची सोय नंतरच्या अपडेटमध्ये देण्यात आली. मधल्या दहा वर्षांत पट्ट्या होत्या तशाच राहिल्या. बदलले ते वातावरण. गेम ही कला आहे का, या वादाने शब्दांना धार आली होती. एका ख्यातनाम अमेरिकी चित्रपट-समीक्षकाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये ‘नाही’ म्हटले होते, आणि काही महिन्यांनी, न खेळता असे बोलायला नको होते, अशी कबुलीही दिली होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गेमना पुस्तके, नाटके, चित्रपट यांच्याइतकेच अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कला संग्रहालयाने १४ गेम संग्रही घेतले. अशा दिवसांत ‘सिनेमॅटिक’ म्हणणे म्हणजे काहींना बढती वाटे, तर काहींना दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहण्यासारखे.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने ‘वॉकिंग सिम्युलेटर’ हा टोमणा रूढ झाला. ‘डिअर एस्थर’ (आधी २००८ मध्ये मॉड, म्हणजे दुसऱ्या गेमवर रचलेला फेरबदल, म्हणून, मग २०१२ मध्ये स्वतंत्र) एका वाऱ्याने झोडपलेल्या बेटावर फक्त चालायला देतो. टोमणा पुढे प्रकाराचे नाव होऊन बसला. ‘फायरवॉच’मध्ये (२०१६) अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या भित्तिपत्रकांवरून घेतलेले नारिंगी-जांभळे थर आहेत, आणि मून पॅट्रोलच्या डोंगरांचा हा किती लांबचा नातू, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

यानंतरची उदाहरणे इतकी की निवडताना धांदल होते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये (२०१८) एक बटण दाबून धरले की काळ्या पट्ट्या येतात, कॅमेरा आपोआप कोन बदलत राहतो आणि घोडा ठरलेल्या वाटेने स्वतःच जातो, खेळणारा तेवढा वेळ प्रेक्षक होतो. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने (२०२०) एका जपानी दिग्दर्शकाच्या नावाचा कृष्णधवल पर्याय दिला. मी तो दहा मिनिटांत बंद केला, कारण त्या गेमचा जीव लाल पानांत आणि पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात आहे. वाट दाखवायला तिथे बाण नाही, वारा आहे, आणि ही कल्पना कुठल्याही सिनेमाकडून आलेली नाही. सिनेमाही मागे राहिला नाही. ‘१९१७’ (२०१९) हा न तुटणाऱ्या एका शॉटसारखा रचलेला चित्रपट पाहताना मला सतत पात्राच्या खांद्यामागे गेमचा कॅमेरा दिसत राहिला. चित्रपट उत्तम, पण हातात कंट्रोलर नाही याची चुळबुळ होत होती. त्याच वर्षी ‘द मँडलोरियन’ या मालिकेत नटांच्या मागे एलईडीची प्रचंड भिंत उभी होती आणि तिच्यावरचे वाळवंट गेमच्या इंजिनमधून, म्हणजे गेमची चित्रे काढणाऱ्या संगणक-प्रणालीतून, त्या क्षणी काढले जात होते. पुन्हा रंगवलेला पडदा, पुढे हलते पात्र.

२०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसचे नोत्र-दाम जळाले तेव्हा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’तले (२०१४) कॅथेड्रल लोकांना आठवले आणि तो गेम आठवडाभर फुकट वाटला गेला. या प्रतिकृतीवरून इमारत पुन्हा बांधता येईल, अशा बाताही फिरल्या. तसे काही शक्य नव्हते. गेममध्ये फ्रेंच क्रांतीचा काळ आहे, पण कॅथेड्रलवर दिसतो तो मनोरा एकोणिसाव्या शतकातला. लोकांना आकाशरेषा ओळखीची वाटावी म्हणून तो ठेवला असावा, आणि कड्यावर उभे राहून पाहणाऱ्यांनी त्याबद्दल फारशी कुरकूर केली नाही.

‘द ऑर्डर : १८८६’ लाही पुढे अपडेटमधून फोटो मोड मिळाला. गोष्ट तोकडी आणि खेळ सपाट म्हणून ज्याच्यावर सडकून टीका झाली, त्या गेमची लंडनची छायाचित्रे लोक अजून काढतात. फोटो मोडमध्ये हल्ली चौकटीचे माप निवडता येते, फिल्मचे दाणेही टाकता येतात. बरेच जण सर्वांत रुंद माप निवडतात आणि वरखाली काळ्या पट्ट्या स्वतःच्या हाताने लावतात.