जॉबवर्क आणि लेबर कॉन्ट्रॅक्ट: काम बाहेर दिलं, जोखीम कुणाकडं राहिली?

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत कुणालाही विचारा, फेटलिंग (ओतीव मालाची घासून साफसफाई) कुठं करता, मशिनिंग कुठं करता? उत्तर एकच येतं, "बाहेरून करून घेतो." या एका वाक्यात दोन वेगळे व्यवहार असतात. एकात तुमचा माल दुसऱ्याच्या शेडमध्ये जातो, दुसऱ्यात दुसऱ्याची माणसं तुमच्या शेडमध्ये येतात. पहिलं जॉबवर्क, दुसरं लेबर कॉन्ट्रॅक्ट. दोन्हींची बिलं नगावर किंवा किलोवर येतात, आणि आमच्याकडं तर कितीतरी वर्षं ती 'लेबर चार्जेस' या एकाच खात्यात पडत होती. जबाबदारीचा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी जॉबवर्क. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जवळच्या मच्छे गावातल्या शेडला मशिनिंगला पाठवलं, तरी मालकी तुमचीच. 1872 च्या करार कायद्यानं जॉबवर्करवर एवढंच बंधन घातलंय, की शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्यानं घ्यावी. ती घेऊनही त्याच्या शेडला आग लागली, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा नुकसान तुमचं. आणि तुमच्या विम्याच्या पॉलिसीत पत्ता बहुधा तुमच्याच शेडचा असतो. माल जिथं जातो तो पत्ता त्यात घालून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो.

जीएसटीचंही तसंच. पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, किंवा तिथूनच कर भरून विकला जायला हवा. नाहीतर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि व्याजासकट कर मागतात. यंत्रांना तीन वर्षं, डाय आणि जिग-फिक्स्चरना ही मुदत नाही. चलानांचा हिशेब ठेवायचा तो मूळ मालकानं.

खरी भांडणं होतात ती रिजेक्शनवरून, म्हणजे तपासणीत नाकारलेल्या नगांवरून. समजा, एका हाउसिंगचा मशिनिंगचा दर 60 रुपये आणि कास्टिंगची किंमत 900. भोक मोजायचा बोअर गेज लावला आणि बोअर मोठा निघाला, म्हणजे नग वाया. जॉबवर्कर म्हणतो, "माझे 60 देऊ नका." पण 900 चं काय? उलट बाजूही तितकीच खरी. ब्लो होल, म्हणजे ओतताना धातूत राहिलेली हवेची पोकळी, बोअर मारल्यावरच उघडा पडतो. तो माल ओतणाऱ्या फाउंड्रीचा दोष, तरी पुष्कळ ठिकाणी त्या नगाची मजुरी कापतात. हा अन्याय आहे, त्याचं मशीन आणि त्याचा वेळ तर गेलाच. कुठल्या दोषाला कोण किती भरणार, हे पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, दोन ओळींत लिहिलं तर ही भांडणं होत नाहीत. माल गेल्यावर फोनवर ठरवलेलं टिकत नाही.

आता लेबर कॉन्ट्रॅक्ट. इथं जोखीम मालाची नाही, माणसांची असते. आमच्याकडं ग्राइंडिंगला ठेकेदाराचे आठ जण यायचे. एका महिन्यात आम्ही त्याचं बिल चुकतं केलं आणि पगाराच्या दिवशी त्याचा फोन बंद लागला. आठही जण गेटपाशी उभे. त्यातला एकजण खानापूरकडून रोज ये-जा करायचा, त्याच्याकडं घरी जायला बसचे पैसे नव्हते. आम्ही पगार दिले, म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे दिले. राग ठेकेदाराचा आला, पण चूक आमचीही होती. त्यानं मागच्या महिन्याचे पगार दिले का, हे न बघता बिल पास केलं होतं.

कायदाही मूळ मालकाकडंच, म्हणजे ज्याच्या शेडमध्ये काम चालतं त्याच्याकडंच, बोट दाखवतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात, ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं द्यावा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावा, असं होतं. नव्या कामगार संहितेतही तेच आलंय, फक्त कायदा लागू व्हायची कामगारांची मर्यादा 20 वरून 50 झाली. 50 च्या खाली आहोत म्हणून सुटलो असं समजू नका, ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणीही आधी तुमच्याकडंच मागतात. शिवाय हजेरी तुमचा सुपरवायझर घेतो, कामाचे हुकूम तोच देतो, ठेकेदार फक्त बिलापुरता, असं असेल तर ते कंत्राटच नावापुरतं ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात म्हटलंय, की कंत्राट निव्वळ देखावा निघालं तर ती माणसं मूळ मालकाचीच कामगार.

मग माल बाहेर गेला म्हणजे जॉबवर्क, इतकं सोपं आहे का? निपाणीत जाऊन बघा. बाई तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी नेते, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, मोजून परत देते. वरवर पाहिलं तर हे जॉबवर्कच. पण 1966 च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं आणि मधे ठेकेदार असला तरी जबाबदारी कारखानदारावर टाकली. कारखानदार न्यायालयात गेले, 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मच्छेच्या शेडवाल्याकडं स्वतःचं सीएनसी मशीन आहे, दुसरी गिऱ्हाइकं आहेत, दर परवडला नाही तर तो नाही म्हणू शकतो. त्या बाईकडं यातलं काहीच नाही.

आमच्याकडं आता दोन खाती आहेत. जॉबवर्कच्या बिलाला चलान आणि तपासणीचा कागद जोडल्याशिवाय ते पुढं जात नाही. लेबरच्या बिलाला मागच्या महिन्याचे पगार बँकेत जमा झाल्याचा उतारा आणि ईएसआय-पीएफचं चलान लागतं, आणि त्या उताऱ्यावरची नावं आम्ही गेटच्या हजेरीशी एकेक करून ताडून बघतो.