कामांच्या रांगेचे गणित

नागपुरात महाल भागातील एका टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानात मे महिन्यातील एका सकाळी दहा वाजता चार कामे येऊन पडली आहेत, असे समजू. पहिले काम लग्नपत्रिकांच्या छपाईचे असून त्याला तीन तास लागतात. दुसरे प्रकल्प अहवालांच्या स्पायरल बाइंडिंगचे, एका तासाचे. तिसरे एक अर्ज टाइप करून देण्याचे, वीस मिनिटांचे. आणि चौथे प्रमाणपत्राच्या लॅमिनेशनचे, जेमतेम दहा मिनिटांचे. दुकान सांभाळणारा माणूस एकच, आणि कूलरसमोरच्या बाकावर चार गिऱ्हाइके घाम पुसत बसलेली. कामे कोणत्याही क्रमाने केली, तरी शेवटचे काम अडीच वाजताच संपणार, कारण एकूण वेळ साडेचार तासांचा आहे आणि तो क्रम बदलल्याने कमी होत नाही.

बदलते ते बाकावरचे ताटकळणे. आलेल्या क्रमाने कामे केली, तर ती अनुक्रमे 180, 240, 260 आणि 270 मिनिटांनी पूर्ण होतात आणि एका गिऱ्हाइकाला सरासरी 237 मिनिटांहून अधिक थांबावे लागते. याउलट सर्वांत छोटे काम आधी घेतले, तर कामे 10, 30, 90 आणि 270 मिनिटांनी पूर्ण होऊन ही सरासरी 100 मिनिटांवर येते. पत्रिकावाल्याचे दीड तासाने नुकसान झाले हे खरे, पण दहा मिनिटांच्या कामासाठी साडेचार तास खोळंबणारा माणूस मोकळा झाला. कारण सोपे आहे: रांगेत पुढे असलेल्या कामाचा वेळ मागच्या प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो, म्हणून पुढे लहान काम असणे सर्वांना स्वस्त पडते.

डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी 1956 मध्ये या विचाराला महत्त्वाची जोड दिली. प्रत्येक कामाच्या महत्त्वाला त्यासाठी लागणाऱ्या वेळाने भागावे आणि ज्याचा भागाकार मोठा ते काम आधी घ्यावे, असा त्यांचा नियम आहे. त्याच्या वर्षभर आधी जे. आर. जॅक्सन यांनी मुदतींचा प्रश्न सोडवला होता. ज्याची मुदत आधी ते काम आधी घेतल्यास सर्वांत जास्त रखडलेल्या कामाचा उशीर शक्य तितका कमी राहतो, हे त्यांनी सिद्ध केले. आपल्या दुकानातील पत्रिकावाल्याला दोन वाजता गोंदियाची गाडी गाठायची आहे, अर्ज आणि प्रमाणपत्र बारापर्यंत हवे आहे आणि अहवाल संध्याकाळी दिले तरी चालतील, असे धरले, तर लॅमिनेशन, अर्ज, पत्रिका आणि बाइंडिंग असा क्रम ठरतो. पत्रिका दीड वाजता तयार होतात. सरासरी 100 वरून 130 मिनिटांवर जाते, पण कुणाचेच काम मुदतीबाहेर जात नाही. म्हणजे योग्य क्रम असा एकच नसतो. आपल्याला नेमके काय वाचवायचे आहे, यावर तो अवलंबून असतो. कामांची यादी करणारे बहुतेक जण हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत, असे मला वाटते.

कागदावरचे हे गणित माणसाच्या हातात आले की दोन ठिकाणी घसरते. पहिली घसरण अंदाजाची. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे 34 दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले. दुसरी घसरण घाईची. मेंग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये मांडलेल्या प्रयोगांत, मोबदला कमी असूनही ‘वेळ संपत आली आहे’ असे भासवणाऱ्या कामाकडे लोक अधिक वळले. तेच काम निवडण्यात कोणताही फायदा नव्हता, तरीही मुदतीने त्यांचे लक्ष ओढून घेतले. दर दोन मिनिटांनी वाजणारा फोन उचलताना आपण यापेक्षा वेगळे काही करत नसतो. शिवाय सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवल्याप्रमाणे, अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढचे काम त्यामुळे खालावते.

सर्वांत फसवी अडचण मात्र वेगळीच आहे आणि तिचे उत्तम उदाहरण मंगळावरचे आहे. 4 जुलै 1997 रोजी तेथे उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. त्यातील प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला होता. माहितीची देवाणघेवाण सांभाळणारे काम फार वरचे आणि हवामानाच्या नोंदींचे काम खालचे. दोघांनाही एकच सामायिक साधन लागे आणि ते एका वेळी एकालाच वापरता येई. हवामानाच्या कामाने ते हाती घेतले असतानाच मधल्या अग्रक्रमाचे दीर्घ काम सुरू होई आणि खालच्या कामाला बाजूला सारी. खालचे काम थांबले की साधन सुटत नसे आणि साधन सुटत नाही म्हणून सर्वांत वरचे काम अडून राही. ते वेळेत होत नाही असे पाहून यंत्रणा सगळे बंद करून नव्याने सुरू करी. उपाय पृथ्वीवरून पाठवला गेला: वरचे काम ज्याच्यामुळे अडले आहे, त्या खालच्या कामाला तेवढ्या वेळापुरता वरचाच अग्रक्रम द्यायचा.

दुकानात हे रोज घडते. प्रबंधाचे जाड बाइंडिंग यादीत सर्वांत वर असते, पण मुखपृष्ठावरील सोनेरी अक्षरांसाठी मार्गदर्शकांच्या नावाचे स्पेलिंग विद्यार्थ्याला विचारून घ्यायचे राहिलेले असते. दोन मिनिटांचा हा फोन ‘किरकोळ’ म्हणून यादीच्या तळाशी असतो आणि मध्ये पत्रिकांची छपाई तीन तास चालू राहते. संध्याकाळी फोन लावावा, तर विद्यार्थी रामटेकच्या बसमध्ये बसलेला असतो आणि त्याच्या मोबाइलला रेंज नसते.