रोबॉट ओडिसी

रोबॉट ओडिसी : यंत्रमानवाच्या (रोबॉटच्या) पोटातील विद्युत् मंडल जोडून त्याला चालविण्याचा संगणक-खेळ. 'द लर्निंग कंपनी' या अमेरिकन संस्थेने तो 1984 मध्ये, बहुधा वर्षाच्या अखेरीस, प्रसिद्ध केला. रचना माइक वॉलेस व लेस्ली ग्रिम यांची. ॲपल 2 व टीआरएस-80 कलर कॉम्प्युटर हे संगणक आणि डॉस ही संगणक-प्रणाली यांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या. विक्री 'शैक्षणिक' या सदराखाली झाली. मात्र मुलांसाठी म्हणून निघालेल्या खेळांत इतका अवघड दुसरा सापडणे कठीण.

पूर्वपीठिका : या खेळाचे कर्तृत्व पुष्कळदा वॉरन रॉबिनेट यांच्या नावावर टाकले जाते. त्याला कारण आहे. ॲटारी 2600 या खेळयंत्रासाठी रॉबिनेट यांनी केलेल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात (याचे साल काही ठिकाणी 1979, तर काही ठिकाणी 1980 असे दिले जाते, 1980 अधिक ग्राह्य वाटते) खेळाडू म्हणजे एक साधा चौकोन असून तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, वस्तूला स्पर्श करून ती उचलतो आणि वाहून नेतो. हीच मांडणी रॉबिनेट व ग्रिम यांच्या 'रॉकीज बूट्स' (1982) या खेळात आली आणि उचलायच्या वस्तूंच्या जागी लॉजिक गेट (आलेल्या चालू-बंद संदेशांवरून एक चालू-बंद संदेश काढणारे भाग) आली. तारेतून वाहणारी वीज नारिंगी रंगाने दाखविण्याची युक्तीही त्याच खेळातली. 'रोबॉट ओडिसी' हा 'रॉकीज बूट्स'चा विस्तार आहे. त्यामुळे घराणे रॉबिनेट यांचे, पण प्रस्तुत खेळ वॉलेस व ग्रिम यांचा, असे म्हणणे योग्य. 1984 सालच्याच 'चिपविट्स' या खेळाशी त्याची गल्लत करू नये. तेथे यंत्रमानवाला चित्ररूप आज्ञांचा क्रम दिला जातो; तारा, गेट वगैरे काही जोडावे लागत नाही.

स्वरूप : खेळाडू स्वप्नात रोबॉट्रोपोलिस या भूमिगत नगरात कोसळतो. गटारे, भुयारी रेल्वे, नगर, मुख्य संगणक केंद्र आणि आकाशमार्ग असे पाच टप्पे ओलांडून त्याला बाहेर पडायचे असते. सोबतीला स्पार्की, चेकर्स व स्कॅनर हे तीन यंत्रमानव असतात. चौथा पुढे मिळतो. प्रत्येक यंत्रमानव म्हणजे आतून पोकळ चौकोन. खेळाडू त्यात शिरून जोडणी करतो आणि आत बसून प्रवासही करतो. आतील सामग्री ठराविक : चार दिशांना ढकलणारे चार रेटक, भिंत लागली की चालू होणारे चार बंपर, वस्तू पकडणारा पंजा, अँटेना आणि बॅटरी. 'आणि' (अँड), ऑर, नॉट, एक्सऑर ही गेट, तसेच फ्लिप-फ्लॉप (चालू-बंद स्थिती लक्षात ठेवणारा भाग) व नोड (एक प्रवाह वाटून देणारा भाग) हे पेटीतून घ्यायचे आणि डागणीच्या साधनाने तारा ओढायच्या. एका टोकाला एकच तार लागते. म्हणून एकच प्रवाह दोन ठिकाणी न्यायचा तर मध्ये नोड घालावा लागतो, आणि दोन प्रवाह एकत्र आणायचे तर ऑर गेट. नवख्याचा पहिला अडथळा हाच.

मंडलाचे वर्तन : गेटची सत्यता सारणी (कोणते संदेश दिले तर कोणता निघतो याचा तक्ता) पाठ असलेला विद्यार्थीही येथे अडखळतो, कारण सारणीत वेळ नसते आणि खेळात ती असते. प्रत्येक गेटमधून संदेश बाहेर पडायला एक ठोका (खेळातील वेळेचे लहान एकक) जातो. संदेश उलट करणाऱ्या नॉट गेटचे निर्गम (बाहेर जाणारे टोक) त्याच्याच आगमाला (आत येणाऱ्या टोकाला) जोडले तर कागदावर विसंगती निर्माण होते. खेळात मात्र ते आलटून पालटून चालू-बंद होत राहते, म्हणजे आयतेच घड्याळ मिळते. तसेच एक संदेश आणि त्याचाच नॉट केलेला संदेश 'आणि' गेटमध्ये (सर्व संदेश चालू असतील तरच चालू होणाऱ्या) सोडला तर उत्तर सदैव 'बंद' यायला हवे. प्रत्यक्षात मूळ संदेश चालू होताच नॉटचे जुने निर्गम क्षणभर टिकून राहते आणि एक ठोक्याचा स्पंद बाहेर पडतो. नको तेथे हा स्पंद फ्लिप-फ्लॉप उलटवून टाकतो आणि यंत्रमानव अकारण दिशा बदलतो. हवा तेथे तोच उपयोगी पडतो : बंपर भिंतीला टेकून असेपर्यंत चालूच राहतो, त्यामुळे भिंती मोजायच्या तर प्रत्येक स्पर्शाचा एकच स्पंद काढून घ्यावा लागतो.

भिंतीला धरून चालणारे मंडल हा नेहमीचा धडा. वरचा बंपर उजवीकडे नेणाऱ्या रेटकाला, उजवा खाली नेणाऱ्याला, खालचा डावीकडे नेणाऱ्याला आणि डावा वर नेणाऱ्याला जोडला की एकही गेट न वापरता यंत्रमानव बंद खोलीत भिंतीच्या कडेने फिरतो. दार आले की घोटाळा होतो. भिंत सुटते, चारही बंपर बंद होतात आणि तो उंबरठ्यावरच थांबतो. शेवटी कोणता बंपर लागला होता हे लक्षात ठेवून त्याच दिशेला रेटले पाहिजे, आणि ही आठवण फ्लिप-फ्लॉपशिवाय राहत नाही. कोपरा ओलांडताना एखादे पाऊल जास्त पडले तर पुढची भिंत हुकते. यामुळेच कागदावर बरोबर दिसणारी जोडणी चालवून पाहिल्यावाचून खरी मानू नये.

बॅटरी रेटक व पंजा यांच्या वापराने उतरते. समोरासमोरचे दोन रेटक एकाच वेळी चालू राहिले तर यंत्रमानव जागचा हलत नाही, पण बॅटरी संपते. 'तो का थांबला' याचे कारण शोधताना हे आधी पाहावे.

चिप : तयार मंडल आठ पायांच्या (जोडणीच्या टोकांच्या) चिपमध्ये, म्हणजे एका छोट्या भागात, उतरवता येते. हे काम 'इनोव्हेशन लॅब' या वेगळ्या विभागात करून चिप डिस्कवरून खेळात आणतात. चिपच्या आत चिपही बसते. आगम-निर्गम मिळून आठच पाय असल्याने चार बंपर व चार रेटक जोडताच सगळे पाय संपतात. पंजा किंवा अँटेनासाठी एकही उरत नाही. खेळात सापडणाऱ्या काही तयार चिपांची माहिती दिलेली नसते. त्या तपासूनच ओळखाव्या लागतात. अँटेनावरून यंत्रमानव एकमेकांना फक्त चालू-बंद एवढेच कळवू शकतात. त्यामुळे अधिक सांगायचे तर ठोके मोजण्याची पद्धत दोघांनाही आधी शिकवावी लागते.

पुनर्निर्मिती : टॉमस फूट यांनी 'ड्रॉइडक्वेस्ट' या नावाने जावा भाषेत हा खेळ पुन्हा बांधला. मायका एलिझाबेथ स्कॉट यांनी मूळ डॉस आवृत्तीचा यंत्रसंकेत रूपांतरित करून तो निन्टेंडो डीएस या हातातल्या खेळयंत्रावर आणला.