विमानातला अलार्म अंतर नाही, वेळ मोजतो

हिवाळ्यात नागपुरात सोनेगावच्या गच्चीवरून आकाशात दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे बाप्पा, भिडतात की काय रे ही!" दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता ही वाहतूक आपल्या डोक्यावरूनच जाते. रेघा जिथे छेदतात तिथे विमानांच्या उंचीत निदान १००० फुटांचा फरक ठेवलेला असतो. खालून तो दिसत नाही, इतकंच.

तरीही चूक झालीच तर? त्यासाठी विमानात टीकास नावाची यंत्रणा असते. ती साधारण दर सेकंदाला आसपासच्या विमानांना रेडिओवरून हाक मारते. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं, आणि उत्तरातच समोरच्याची उंची असते.

पण मला या यंत्रणेचं खरं कौतुक वाटतं ते पुढच्या भागाचं. ती नुसतं 'किती लांब' असं विचारत नाही, 'किती सेकंदांत' असं विचारते. ताशी ९०० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन विमानं दर सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात. म्हणजे १२ किलोमीटर अंतर म्हणजे फक्त २४ सेकंद! अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, या भागाकाराला टाऊ म्हणतात. आडवा (अंतराचा) आणि उभा (उंचीचा) असे दोन टाऊ काढले जातात आणि दोन्ही मर्यादेखाली आले की वैमानिकाला टक्कर टाळण्याचा आदेश, म्हणजे 'आरए', सुटतो. विमानं जवळजवळ समांतर उडत असतील तर जवळ येण्याचा वेग शून्याकडे जातो आणि टाऊ फुगतो. म्हणून किमान अंतराची वेगळी अटही घातलेली आहे.

आता उड्डाणानंतरचं बघा. विमान मिनिटाला ३००० फुटांनी चढतंय, त्याला थांबायचंय वरच्या विमानाच्या बरोबर १००० फूट खाली. मध्ये १२५० फूट उरले की उभा टाऊ २५ सेकंद. वैमानिक अजून २५० फुटांनी थांबणार आहे, हे टीकासला माहीत नसतं. आडवा टाऊही कमी असेल तर ती ओरडते, "लेव्हल ऑफ!", म्हणजे चढणं थांबवा. कोणाचीच चूक नसते. म्हणूनच शेवटच्या १००० फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणावा, अशी शिफारस आहे. अशा प्रसंगाला 'मृत्यूच्या दाढेतून परत' असा मथळा देणं आणि श्रेय नशिबाला देणं मला पटत नाही. ते श्रेय भागाकाराचं आहे.

ही यंत्रणा नसली तर काय होतं, ते आपण १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ पाहिलं. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि उतरणारं कझाक विमान धडकून ३४९ माणसं गेली. आणि १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन्ही विमानांत टीकास होतं. एकाने त्याचं ऐकून विमान खाली नेलं. दुसऱ्याला यंत्र वर जायला सांगत होतं, पण त्याने नियंत्रकाचं ऐकलं आणि तोही खालीच आला. ७१ जण गेले. आज नियम स्पष्ट आहे: आदेश आला की वैमानिकाने आधी टीकासचं ऐकायचं. "टीकास आरए" एवढं त्याने कळवलं, की धोका टळल्याचं तो सांगेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाचा मार्ग बदलायचा नाही.