प्रागचे खगोलीय घड्याळ

प्रागचे खगोलीय घड्याळ : चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील जुन्या नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवरचे मध्ययुगीन सार्वजनिक घड्याळ. चेक भाषेत त्याला ‘ऑर्लॉय’ म्हणतात. ते १४१० मध्ये बसवले गेले. आजही चालू असलेल्या खगोलीय घड्याळांत ते सर्वांत जुने मानले जाते.

सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला घड्याळाखाली गर्दी जमते, ती बाहुल्यांसाठी. तबकडीच्या उजवीकडचा सांगाडा, म्हणजे मृत्यू, एका हाताने दोरी ओढून घंटा वाजवतो आणि दुसऱ्या हातातले वाळूचे घड्याळ उलटे करतो. शेजारचा तुर्क नकारार्थी मान हलवतो. डावीकडे हातात आरसा घेतलेला गर्विष्ठ आणि पैशाची थैली धरलेला कंजूस आहे. हा कंजूस मुळात ज्यू सावकार म्हणून घडवलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची दाढी काढून टाकण्यात आली. एवढ्यात वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूचे बारा प्रेषित एकामागून एक दर्शन देऊन जातात. मग भात्याच्या हवेवर सोनेरी कोंबडा आरवतो आणि तासाचे टोले पडतात. खेळ मिनिटभरात आटोपतो आणि बहुतेक लोक तबकडीकडे न बघताच पांगतात. खरे तर प्रेषित आणि कोंबडा ही पुढच्या शतकांतली भर आहे. घड्याळाचा मूळ ऐवज तबकडीत आहे.

ही तबकडी म्हणजे भिंतीवर चढवलेले पंचांगच. मधोमध पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य, चंद्र व राशिचक्र तिच्याभोवती फिरतात; कोपर्निकसच्या आधीचे विश्व दुसरे कसे असणार? सूर्याचा काटा एकाच वेळी अनेक गोष्टी सांगतो. रोमन आकड्यांच्या वर्तुळावर तो आजची प्रमाणवेळ दाखवतो. सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी गॉथिक आकडे आहेत, ते जुन्या चेक वेळेचे. तिथे दिवस सूर्यास्तापासून मोजला जाई, त्यामुळे हे कडे ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकावे लागते. तबकडीवरच्या वक्र रेषा दिनमानाचे बारा सारखे भाग करतात. राहुकाळ काढताना आपण दिनमानाचे आठ भाग करतो, तोच हिशेब इथे बाराचा. साहजिकच उन्हाळ्यातला दिवसाचा तास हिवाळ्यातल्या तासापेक्षा लांब भरतो. सूर्य कोणत्या राशीत आहे तेही तिथेच वाचता येते. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी असून तो स्वतःभोवती वळून कला दाखवतो.

यामागची यंत्ररचना थक्क करणारी, पण साधी आहे. एकाच आसावर तीन मोठी दातेरी चाके आहेत : ३६५, ३६६ आणि ३७९ दात्यांची. त्यांना फिरवणारी तिन्ही छोटी चाके प्रत्येकी २४ दात्यांची आहेत. पहिले चाक राशिचक्र फिरवते, दुसरे सूर्य, तिसरे चंद्र. दात्यांच्या एवढ्याशा फरकामुळे राशिचक्र सूर्यापेक्षा दिवसाला सुमारे चार मिनिटे लवकर फेरी पुरी करते, आणि वर्षभरात सूर्य बाराही राशी पार करतो.

हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने घडवले, तसे दुसरे कुठे होऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे फोडले आणि सूडापोटी त्याने यंत्रात हात घालून ते बंद पाडले, अशी दंतकथा प्रागमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती रंगतदार आहे, एवढेच. १४१० च्या दस्तऐवजात घड्याळजी म्हणून कादानच्या मिकुलाशचे नाव आहे. खगोलशास्त्राची बाजू प्राग विद्यापीठातले प्राध्यापक यान शिंदेल यांनी सांभाळली, असे मानले जाते. सोळाव्या शतकात यान ताबोर्स्की याने ते दुरुस्त केले. पुढेही ते वारंवार बंद पडले. १८६५-६६ च्या मोठ्या दुरुस्तीत खालच्या दिनदर्शिकेसाठी चित्रकार योसेफ मानेस यांनी बारा महिन्यांची शेतकरी जीवनाची चित्रे रंगवली. मूळ फलक आता शहराच्या संग्रहालयात आहे, भिंतीवर प्रत दिसते.

मे १९४५ मधल्या प्राग उठावात जर्मन सैन्याच्या माऱ्याने नगरभवन पेटले, घड्याळाची मोठी हानी झाली आणि लाकडी प्रेषित जळाले. शिल्पकार वोयत्येख सुखार्दा यांनी नवे प्रेषित कोरले आणि १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या जीर्णोद्धारात युद्धानंतर बसवलेली विजेवरची यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातली यंत्रणा पुन्हा जोडण्यात आली. दिनदर्शिकेची नवी प्रत मात्र वादात सापडली : मानेसच्या मूळ चित्रांतले काही चेहरे त्यात बदललेले असल्याचे २०२२ मध्ये लक्षात आले.