ऑक्सिजनच्या फ्लोमीटरची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिली तिथेच राहू द्या

(हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी आमच्याकडून ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलिंडर भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

रात्री अडीच वाजता येणारा फोन बहुधा एकच असतो, "भाऊ, सिलिंडर सरलं, लवकर या." आर्वीहून गाडी काढून ३० किलोमीटर जावं, तर फ्लोमीटरमधली (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी ५ वर. चिठ्ठीत २ लिहिलेलं. बाबांना दम लागला म्हणून घरच्यांनी, नाहीतर भेटायला आलेल्या पाहुण्याने फिरवून ठेवलेली.

भरलेल्या बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने तो १२ तास पुरतो, ५ ने जेमतेम ५ तास. मग "तुम्ही अर्धंच भरून दिलं" हे ऐकायचं आम्ही.

पैशाचं सोडा. थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलणं झेपत नाही, त्यामुळे फुप्फुसात पाणी साचतं आणि दम लागतो. ते पाणी उतरवते लघवीची गोळी, फ्लोमीटरची नव्हे. मीठही कमी लागतं. गोळी वेळेवर घेऊन ताटात रोज लोणचं-पापड असेल तर काय उपयोग? रक्तात ऑक्सिजन पुरेसा असताना वरून जास्त दिला तर रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचं ओझं वाढतं. म्हणून रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटाच्या मीटरवर ९० च्या वर असणाऱ्याला डॉक्टर फक्त दम लागतो म्हणून सहसा ऑक्सिजन लिहीत नाहीत, आणि आम्हीही चिठ्ठीशिवाय मशीन देत नाही. यावरून बोलणी खाल्ली आहेत, खाऊ.

दम वाढला, पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने चढलं, तर डॉक्टरांना फोन करा. मीटर ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिलं, तर १०८.

बाकी थोडक्यात. ऑक्सिजन ज्या पाण्यातून जातो त्या बाटलीत बोअरचं पाणी नको, पांढरा थर बसतो. उकळून गार केलेलं घाला. सोयाबीन मळणीच्या दिवसांत मशीनची जाळी आठवड्यातून दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून लावा. चूल, बिडी, उदबत्ती त्या खोलीत नको. लाईन जाते, म्हणून मशीनसोबत एक सिलिंडर राखीव ठेवा; जुन्या ग्राहकांना तो आम्ही घरपोच देतो.

सिलिंडरचा दाबाचा काटा ५० वर आला (साधारण एक तृतीयांश उरला) की दिवसाउजेडी फोन करा. २ लिटरवर अजून ४ तास हातात असतात.

गोळी कुठे हवी तिथे आम्ही लाल चिकटपट्टी लावून देतो. गोळीचा मध्य त्या पट्टीसमोर हवा. पट्टी काढू नका.